हेस्पेरोस: ग्रीकांचा संध्यातारा नेमका कोण?

प्रश्न असा आहे: ग्रीक पुराणांत संध्याकाळचा तारा म्हणजे कोण? एका ठिकाणी तो उषादेवीचा मुलगा आहे, दुसऱ्या ठिकाणी आकाश पेलणाऱ्या अ‍ॅटलासचा मुलगा, तिसऱ्या ठिकाणी अ‍ॅटलासचा भाऊ. कुठे तो थेट प्रेमदेवता अफ्रोदितीचा तारा, म्हणजे जवळपास देवीच. पहाटेचा तारा त्याचा सावत्र भाऊ असंही वाचायला मिळतं, आणि मधेच ल्युसिफर हे नाव येतं. यातलं खरं कुठलं?

थोडक्यात सांगायचं तर त्याचं नाव हेस्पेरोस, तो पुरुष, आणि त्याची स्वतःची म्हणावी अशी कथा जवळजवळ नाही. जे काही त्याच्या नावावर सापडतं ते हजारभर वर्षांत थोडं थोडं करून चिकटलं आहे. मी ग्रीक-लॅटिन काव्य शिकवतो आणि हौशी मंडळींबरोबर आकाशही बघतो. माझं मत असं झालं आहे की ग्रीकांच्या लेखी हेस्पेरोस ही आधी एक वेळ होती, दिवेलागणीची. त्या वेळेला कवींनी चेहरा दिला. आईबाप आणि नातीगोती पंडितांनी फार उशिरा जोडली. म्हणून हे साहित्य ज्या क्रमाने तयार झालं त्याच क्रमाने वाचावं. आजच्या कोशांत सगळं एकाच परिच्छेदात कोंबलेलं असतं, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

सुरुवात होमरपासून. ट्रॉयच्या युद्धावरच्या त्याच्या इलियड महाकाव्याच्या बाविसाव्या सर्गात ग्रीक वीर अकिलीस ट्रॉयच्या हेक्टरवर चालून जातो. हेक्टरच्या अंगावर अकिलीसचंच चिलखत आहे, अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस याला मारून त्याने ते काढून घेतलेलं. आपलंच चिलखत असल्यामुळे ते कुठे उघडं राहतं हे अकिलीसला शोधायचं आहे, आणि ती जागा गळ्यापाशी सापडते. नेमक्या या क्षणी होमर भाल्याच्या टोकाकडे नजर वळवतो: रात्री ताऱ्यांमधून जाणारा हेस्पेरोस, आकाशातला सगळ्यांत देखणा तारा, जसा झळकतो तसं ते टोक झळकत होतं. संध्याताऱ्याचा ग्रीक साहित्यातला हा सगळ्यांत जुना उल्लेख, आणि तो असा मरणाच्या अगदी तोंडावर आहे. पुढे त्याला प्रेमाचा तारा म्हणणाऱ्या सगळ्यांनी ही सुरुवात लक्षात ठेवायला हवी.

पहाटेचा तारा होमरमध्ये वेगळ्या नावाने येतो, इओस्फोरोस. पॅट्रोक्लसची चिता रात्रभर जळते आणि हा तारा उगवतो तेव्हा ज्वाळा विझायला लागतात. ओडिसीच्या तेराव्या सर्गात फायेशियन लोकांचं जहाज झोपलेल्या ओडिसिअसला घेऊन इथाकाला पोचतं, तेही उषेची वर्दी देणारा सर्वांत तेजस्वी तारा वर येतो तेव्हाच. म्हणजे वीस वर्षांनी घरी आलेल्या माणसाच्या आगमनाची वेळ सांगायला तारा वापरला आहे. होमर या दोन ताऱ्यांचे आईबाप सांगत नाही, भावंडं सांगत नाही आणि दोघे एकच आहेत असंही कुठे सुचवत नाही.

वंशावळ हवी असेल तर हेसिऑडकडे जावं लागतं, इ.स.पू. ७०० च्या सुमारास. त्याच्या देववंशावळीत उषादेवी इओस आणि अ‍ॅस्ट्राइऑस यांना आधी वारे होतात: झेफिरोस, बोरिआस, नोटोस. मग इओस्फोरोस, आणि मग बाकीचे तारे. इथे फक्त पहाटेचा तारा आहे. संध्याकाळच्या ताऱ्याला हेसिऑडने आईबाप दिलेलेच नाहीत. त्याच ग्रंथात अगदी शेवटी दुसरी एक गोष्ट येते. इओसला केफालोसपासून फेथॉन नावाचा मुलगा झाला, तो कोवळा असतानाच अफ्रोदितीने त्याला उचलून नेलं आणि आपल्या मंदिराचा रात्रीचा रखवालदार केलं. (सूर्याचा रथ उधळणारा फेथॉन निराळा.) हा मुलगा म्हणजे तारा असं हेसिऑड म्हणत नाही. ते कित्येक शतकांनी हायजिनस या रोमन लेखकाच्या नावावरच्या लॅटिन ग्रंथात येतं: उषा आणि केफालोस यांचा मुलगा इतका सुंदर की त्याने खुद्द व्हीनसशी, म्हणजे रोमनांच्या अफ्रोदितीशी, रूपाची बरोबरी केली, म्हणून त्याला व्हीनसचा तारा म्हणतात.

‘सावत्र भाऊ’ हे नातं कुठून आलं ते आता कळेल. एका ग्रंथात पहाटेच्या ताऱ्याचा बाप अ‍ॅस्ट्राइऑस, दुसऱ्यात शुक्रताऱ्याचा बाप केफालोस, आई दोन्हीकडे उषा. कुणीतरी दोन्ही विधानं शेजारी ठेवली आणि आई एक, बाप दोन असा हिशेब मांडला. हिशेब चुकीचा नाही, पण ज्या ग्रीकांच्या नावावर तो खपतो त्यांनी तो केलेला नाही. शिवाय हायजिनसचा मजकूर ज्या ताऱ्याबद्दल आहे तो सूर्योदयाला आणि सूर्यास्तालाही दिसतो असं तो स्वतःच सांगतो. त्याच्या लेखी तारा एकच होता, मग भाऊ कुठला?

आता आकाशाची बाजू, कारण दोन नावं का पडली हे तिथेच समजतं. हे दोन्ही तारे म्हणजे शुक्र हा एकच ग्रह, आणि तो आकाशात सूर्यापासून ४८ अंशांहून जास्त लांब जात नाही. त्यामुळे तो मध्यरात्री डोक्यावर कधीच नसतो, एक तर सूर्यास्तानंतर पश्चिमेला किंवा सूर्योदयाआधी पूर्वेला. त्याचं एक चक्र सुमारे ५८४ दिवसांचं. त्यातले साधारण साडेआठ महिने तो संध्याकाळी दिसतो, मग आठवडाभर सूर्यतेजात गडप होतो, मग पूर्वेला उगवून पुन्हा साडेआठ महिने पहाटेचा तारा राहतो, आणि त्यानंतर जवळपास पन्नास दिवस बेपत्ता. एक तारा पश्चिमेला बुडाला आणि आठवड्याने दुसऱ्या टोकाला एक उगवला, हे दोन्ही एकच आहेत हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं नोंदी ठेवाव्या लागतात. बाबिलोनमध्ये त्या ठेवल्या जात. अम्मिसदुका राजाच्या काळातल्या, म्हणजे इ.स.पू. सतराव्या शतकाच्या सुमाराच्या, शुक्राच्या उदयास्ताच्या २१ वर्षांच्या नोंदी मातीच्या पाट्यांवर उरल्या आहेत. असीरियातल्या निनवे शहराच्या ग्रंथसंग्रहात त्यांच्या नंतरच्या प्रती मिळाल्या.

दोन्ही तारे एकच आहेत या शोधाचं श्रेय ग्रीसमध्ये कुणी तत्त्वज्ञ पायथागोरसला दिलं, कुणी पार्मेनिडीसला. तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजेनीस लाएर्टिअसने दोन्ही मतं नोंदवून ठेवली आहेत. कुणाचंही खरं धरलं तरी हे इ.स.पू. सहावं शतक ते पाचव्याची सुरुवात. होमर आणि हेसिऑड त्याच्या आधीचे, म्हणून त्यांच्याकडे दोन तारे. तारा एकच आहे हे कळल्यावरही कवी दोन नावं सोडायला तयार झाले नाहीत. न्याय हा सद्गुण किती मोठा हे सांगताना अ‍ॅरिस्टॉटलसुद्धा म्हणून जातो की संध्यातारा आणि पहाटतारा यांच्यातही इतकं नवल नाही. खुद्द त्याला ते दोन्ही एक असल्याचं ठाऊक होतं.

हेस्पेरोस खरा रंगतो तो सॅफोपासून. लेस्बॉस बेटावरची ही कवयित्री, इ.स.पू. ६०० च्या आसपासची. तिच्या कवितेचा एक तुकडा उरला आहे, तोही शैलीवर लिहिणाऱ्या एका प्राचीन लेखकाने उदाहरण म्हणून दिला म्हणून. त्याचा आशय असा: हेस्पेरोसा, उजळ उषेने जे जे पांगवलं ते सगळं तू परत आणतोस, मेंढरू आणतोस, शेळी आणतोस, लेकरू आईकडे आणतोस. हा लग्नगीताचा भाग असावा असं अनेक अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं, कारण तसं वाचलं तर त्याला एकदम धार येते. संध्याकाळी सगळं घरी येतं, फक्त त्या दिवशीची नवरी घरातून निघते. अथेन्समध्ये वधूला बापाच्या घरून गाडीत बसवून मशालींच्या उजेडात वराकडे नेत ते संध्याकाळीच, आणि वधूची आई हातात मशाल घेऊन बरोबर चालत असे. मराठी वाचकाला इथे गोरज मुहूर्त आठवल्याशिवाय राहणार नाही. गुरं परततानाची धूळ आणि लग्नघटिका एकत्र आणणारी ही कल्पना दोन्हीकडे आहे. एकमेकांकडून उचलल्याचा काही पुरावा नाही आणि तसा तो शोधायची गरजही नाही. गुरंमेंढरं पाळणाऱ्या समाजात दिवसाचा हा क्षण आपोआपच भारलेला असतो.

ही परंपरा पुढे रोमन कवी कॅट्युलसने, इ.स.पू. पहिल्या शतकात, एका लग्नगीतात पुरती उलगडली. मुलांचा आणि मुलींचा असे दोन गट आहेत, संध्यातारा उगवलाय आणि सवालजवाब सुरू होतात. मुली म्हणतात, आकाशात तुझ्याहून क्रूर आग कुठली? आईच्या मिठीतून लेक ओढून नेतोस, शहर जिंकणारा शत्रू याहून वेगळं काय करतो? मुलगे म्हणतात, तुझ्याहून सुखाची आग कुठली? वडीलधाऱ्यांनी ठरवलेली सोयरीक तुझ्या ज्योतीने पक्की होते. शेवटी कवी मुलग्यांच्या पारड्यात वजन टाकतो आणि वर मुलीला सांगतो की तुझं कौमार्य एक तृतीयांश बापाचं, एक तृतीयांश आईचं, तुझं फक्त उरलेलं तृतीयांश. आज हे वाचताना मन मुलींच्या बाजूने जातं, आणि मला वाटतं त्यांच्या ओळी जास्त चांगल्या लिहून कॅट्युलसनेही थोडी तीच सोय करून ठेवली आहे.

याच गीतात मुलगे म्हणतात की रात्रीचे चोर लपून बसतात, आणि हेस्पेरोसा, तूच नाव बदलून परत येतोस तेव्हा त्यांना पकडतोस. आकाश बघणाऱ्याला इथे हसू येतं. काही अपवादात्मक दिवस सोडले तर संध्याकाळी दिसलेला शुक्र त्याच रात्रीच्या शेवटी पूर्वेला दिसत नाही. मधे महिने जावे लागतात. तेवढा वेळ चोर कशाला थांबतील? त्याहून मोठी अडचण लग्नांची. अथेन्समध्ये लग्नांचा महिना गामेलिऑन, साधारण जानेवारी-फेब्रुवारी. शुक्राची पाच चक्रं मिळून जवळजवळ बरोबर आठ वर्षं होतात, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक दिवसांत तो संध्याकाळी नसतोच. म्हणजे कितीतरी अथेनियन लग्नांच्या संध्याकाळी हेस्पेरोस पश्चिमेला नव्हता, तरी गीतात तो उगवायचाच. माझा सुरुवातीचा मुद्दा हाच. गीतातला हेस्पेरोस ग्रहाच्या गणिताला बांधलेला नाही, तो लग्नाच्या वेळेचं नाव आहे. आपल्या पंचांगाने नेमकी उलटी वाट धरली: शुक्राचा अस्त असेल तर मुहूर्तच नाही. तिथे ग्रहाचं प्रत्यक्ष दिसणं मोजलं जातं.

प्रेमिकांनीही त्याला वापरून घेतलं. स्मर्ना शहरचा कवी बिऑन त्याला अफ्रोदितीचा सोनेरी उजेड म्हणतो आणि विनवतो की चंद्र लवकर मावळलाय, तर आज तू वाट दाखव. मी चोरी करायला निघालेलो नाही, वाटसरूंना लुटायलाही नाही, मी प्रेमात पडलोय. कॅलिमाकस या ग्रीक कवीने दोन्ही नावांतली गंमत एका ओळीत पकडली: लोक याच ताऱ्यावर संध्याकाळी प्रेम करतात आणि पहाटे त्याचाच तिरस्कार करतात. आणि प्लेटोच्या नावावर खपणारी एक चार चरणांहूनही छोटी कविता आहे, वारलेल्या एका तरुणासाठी: जिवंतांत तू पहाटेचा तारा होतास, आता गेलेल्यांत संध्यातारा होऊन चमकतोस. ती प्लेटोची असेल याची खात्री देता येत नाही, पण ‘दोन्ही एकच’ या शोधाचा इतका सुंदर उपयोग दुसऱ्या कुणी केलेला मला आठवत नाही.

अ‍ॅटलासचं प्रकरण वेगळं. ग्रीकांच्या दृष्टीने पश्चिम म्हणजे जगाचा शेवट, तिथे आकाश पेलून उभा असलेला अ‍ॅटलास, आणि तिथेच सोनेरी सफरचंदांची बाग राखणाऱ्या हेस्पेरिडीस. हेसिऑडमध्ये त्या रात्रीच्या मुली आहेत, संध्याताऱ्याशी त्यांचं नातं नाही. ते इ.स.पू. पहिल्या शतकातल्या डायोडोरस या ग्रीक इतिहासकारासारख्या लेखकांनी जुळवलं, आणि तेही एका प्रकारे नाही. डायोडोरस आपल्या इतिहासाच्या तिसऱ्या भागात सांगतो की हेस्पेरोस हा अ‍ॅटलासचा मुलगा, न्यायी आणि दयाळू राजा. एकदा तारे पाहायला तो अ‍ॅटलास पर्वताच्या शिखरावर चढला असताना वादळी वाऱ्याने त्याला उचलून नेलं, पुन्हा तो कुणाला दिसला नाही. लोकांनी हळहळून त्याला देवाचा मान दिला आणि आकाशातल्या सगळ्यांत तेजस्वी ताऱ्याला त्याचं नाव ठेवलं. चौथ्या भागात तोच लेखक हेस्पेरोसला अ‍ॅटलासचा भाऊ करतो. हेस्पेरोसची मुलगी अ‍ॅटलासला दिली आणि त्यांच्या सात मुली म्हणजे हेस्पेरिडीस. त्याने वेगवेगळ्या जुन्या लेखकांची टिपणं जोडलीत, त्यामुळे विसंगती तशीच राहिली. तुम्हाला कोशांत मुलगा आणि भाऊ दोन्ही सापडतात त्याचं कारण हे.

तरीही पर्वतावर तारे बघता बघता नाहीसा झालेला राजा ही कल्पना मला फार आवडते. देवांना जुने राजे ठरवायची जी हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक काळातली, टूम होती तिच्यातून निघालेली असली तरी.

बागेची जागाही अशीच सरकत गेली. कुणी ती लिबियात, आजच्या बेनगाझीपाशी धरली, कुणी मोरोक्कोत लिक्ससजवळ. रोमन लेखक प्लिनी कोरडेपणाने लिहितो की लिक्ससला आता रानऑलिव्हच्या झाडांखेरीज काही उरलेलं नाही. महावीर हेराक्लीसने तिथून फळं आणली त्या प्रसंगाचं शिल्प ऑलिम्पियाच्या झ्यूसमंदिरात होतं, इ.स.पू. ४६० च्या सुमाराचं: हेराक्लीसच्या खांद्यावर आकाशाचा भार, मधे उशी, मागून अथेना सहज एका हाताने टेकू देते आहे आणि समोर अ‍ॅटलास फळं घेऊन उभा. त्यात संध्यातारा कुठेच नाही. लिंबू-संत्र्याच्या फळाला वनस्पतिशास्त्रात ‘हेस्पेरिडियम’ म्हणतात ते याच बागेवरून.

पहाटेच्या ताऱ्याकडे मात्र एक खरीखुरी गोष्ट आहे. ग्रीसमधल्या ट्राखिसचा राजा सेइक्स हा त्याचा मुलगा. रोमन कवी ऑव्हिड ती सविस्तर सांगतो. सेइक्स समुद्रमार्गे क्लारोसच्या दैवीवाणीकडे निघतो, बायको अल्सायोनी अडवते, तो ऐकत नाही आणि वादळात बुडतो. त्या रात्री ताऱ्याने काय केलं? त्याला आकाशातली जागा सोडायची मुभा नव्हती, म्हणून त्याने तोंडावर दाट ढग ओढून घेतले. नवराबायको पुढे खंड्या पक्षी होतात, ते वेगळं. हायजिनसने या सेइक्सच्या बापाचं नाव देताना ‘हेस्पेरोस किंवा ल्युसिफर’ असं लिहून टाकलं. एव्हाना नावांची अदलाबदल चालू झाली होती. ट्राखिस ज्या ओइटा पर्वताच्या पायथ्याशी आहे तोच पर्वत रोमन कवी संध्याताऱ्याशी जोडतात, आणि व्हर्जिलचा टीकाकार सर्व्हिअस सांगतो की तिथे हेस्पेरोसची पूजा होई व लग्नदेव हिमेनाइओस त्याचा लाडका होता. त्याच्या भक्तीचा याहून ठोस माग फारसा लागत नाही. डेल्फीसारखं एखादं मोठं क्षेत्र त्याच्या वाट्याला आलं नाही. पश्चिमेकडच्या लोक्रिअन लोकांच्या सरकारी शिक्क्यावर मात्र हा तारा कोरलेला होता असं भूगोलकार स्ट्राबो सांगतो, आणि पूजेपेक्षा हा मान मला जास्त बोलका वाटतो.

आता अफ्रोदिती. हा धागा ग्रीक लोककथेतून आलेला नाही, पूर्वेकडून ज्योतिर्विदांमार्फत आला. बाबिलोनमध्ये हा ग्रह इश्तार या प्रेमदेवतेचा. प्लेटोच्या नावावर असलेल्या ‘एपिनोमिस’ या इ.स.पू. चौथ्या शतकातल्या संवादात स्पष्ट लिहिलं आहे की ग्रहांची ही नावं परक्यांकडून आली, इजिप्त आणि सीरियाच्या निरभ्र आकाशाखाली हे निरीक्षण फार आधी झालं, आणि इओस्फोरोस जो हेस्पेरोसही आहे तो अफ्रोदितीचा म्हणतात. ‘अफ्रोदितीचा’ असं म्हटलं आहे, ‘अफ्रोदिती’ असं नाही. तारा पुरुषच राहिला, फक्त देवीच्या मालकीचा झाला. पुढे बोलताना ‘चा’ गळून पडला आणि रोमनांकडून व्हीनस हेच ग्रहाचं नाव झालं. आपल्याकडे तर पंचांगात हाच ग्रह दैत्यांचा गुरू आणि अंगणात उभं राहिलं की शुक्राची चांदणी, त्यामुळे एका ताऱ्याने एकच लिंग धरून बसावं असा आग्रह आपण तरी धरू नये.

राहता राहिला ल्युसिफर. पहाटेच्या ताऱ्याचं हे साधं लॅटिन नाव, ग्रीक फॉस्फोरोसचा (इओस्फोरोसचंच दुसरं नाव) जोडीदार. ऑव्हिडच्या वर दिलेल्या गोष्टीत तेच आहे आणि त्यात सैतानाचा मागमूस नाही. बायबलच्या यशया ग्रंथात बाबिलोनच्या राजाची टर उडवताना ‘पहाटेच्या पुत्रा, ताऱ्या, कसा कोसळलास’ असं म्हटलंय. हिब्रूवरून ग्रीक भाषांतर झालं तेव्हा तिथे इओस्फोरोस आला, जेरोमच्या लॅटिन भाषांतरात ल्युसिफर, आणि ख्रिस्ती भाष्यकारांनी ती ओळ सैतानाच्या पतनाला लावली. हेस्पेरोसचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही. पहाटेच्या ताऱ्याचं नावही लगेच बदनाम झालं असं समजू नका. चौथ्या शतकात सार्डिनियातल्या कालियारीच्या बिशपचं नावच ल्युसिफर होतं.